रस्टमधली रेंज: सात महिन्यांच्या वापरानंतर

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतली रेंज, म्हणजे सुरुवात आणि शेवट सांगणारा आकड्यांचा पल्ला, मी सात महिने रोज वापरते आहे. ०..१० मध्ये १० धरला जात नाही आणि ०..=१० मध्ये तो धरला जातो, हे वाचकांना ठाऊक आहे असे समजून लिहिते. माझे काम स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या मजकुराचे आहे. प्रत्येक शब्द फाइलमध्ये कितव्या बाइटला सुरू होतो आणि कितव्या बाइटला संपतो, याची नोंद ठेवावी लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेत असल्यामुळे ‘पाणी’ हा चार चिन्हांचा शब्द १२ बाइटचा होतो, आणि रेंजचे टोक चिन्हाच्या मधोमध पडले तर प्रोग्राम तिथेच पॅनिक होतो, म्हणजे चूक दाखवून बंद पडतो. म्हणून ही दोन टोके माझ्यासाठी फार महत्त्वाची आहेत.

सुरुवात आणि शेवट हे दोन वेगळे आकडे मी एका स्ट्रक्टमध्ये (मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या नोंदीत) ठेवले होते. गेल्या महिन्यात नीटनेटकेपणासाठी त्यांच्या जागी एक रेंज ठेवली, आणि त्या स्ट्रक्टला कॉपी (मूल्य दुसरीकडे दिले की त्याची आपोआप प्रत होण्याची सोय) देण्यास कंपायलरने नकार दिला, कारण लायब्ररीच्या रेंजलाच ती नाही. कॉपी काढून टाकल्यावर ४३ ठिकाणी ‘मूव्ह झालेले (म्हणजे दुसरीकडे देऊन टाकलेले) मूल्य पुन्हा वापरले’ ही चूक आली. मजकुराचा तुकडा काढण्यासाठी कंसात रेंज दिली की ती रेंजच हातची जाते. तिची लांबी त्यानंतर विचारायची असेल तर आधी क्लोन, म्हणजे सांगून केलेली प्रत, करून ठेवावे लागते. दोन आकड्यांसाठी क्लोन! प्रत्यक्षात त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही, पण कोड वाचणाऱ्याला तिथे काहीतरी महागडे चालले आहे असे वाटते, आणि खरोखर महाग असलेले क्लोन त्या गर्दीत दिसेनासे होतात. ती संपूर्ण संध्याकाळ मी चिडून घालवली, आणि रेंजला कॉपी न देणे हा निव्वळ हट्ट आहे असे माझे मत झाले.

ते मत दोन दिवसांत बदलले. मी स्वतःची छोटी रेंज लिहिली, तिला कॉपी दिली आणि तीच इटरेटरही (एकामागून एक मूल्य देत पुढे सरकणारी वस्तू) केली. पहिल्या लूपमध्ये पानाच्या वरची शीर्षकाची तीन पदे वाचून बाहेर पडायचे आणि उरलेली पदे दुसऱ्या लूपने वाचायची, असा बेत होता. दुसरा लूप मात्र पुन्हा पहिल्या पदापासून सुरू झाला, कारण पहिल्या लूपने मूळ रेंज पुढे नेलीच नव्हती, तिची प्रत पुढे नेली होती. कंपायलरने एक शब्दही काढला नाही आणि प्रत्येक पानाचे शीर्षक यादीत दोनदा आले. लायब्ररीची रेंज याच ठिकाणी मूव्हची चूक दाखवते, आणि बाय_रेफ (मूळ रेंज हातची न जाता तीच पुढे नेऊ देणारी मेथड) वापरायला हवे हे लक्षात येते. तेव्हा कॉपी नाकारण्यात चूक नाही; रेंज स्वतःच इटरेटर असणे ही खरी अडचण आहे. पायथॉन ३ मध्ये रेंज ही केवळ टोके आणि पायरी सांगणारी वस्तू आहे. ती फिरवायला घेतली की दर वेळी वेगळा इटरेटर मिळतो आणि मूळ रेंज जागची हलत नाही.

दोन्ही टोके धरणाऱ्या रेंजची किंमत तर मोजून पाहण्यासारखी आहे. एका बाइटच्या प्रकारात ० ते २५५ फिरायचे असेल, तर २५६ हा आकडा त्या प्रकारात बसतच नाही, आणि फेरी संपली हे टोकांवरून कळू शकत नाही. त्यासाठी त्या रेंजमध्ये ‘संपले’ असे सांगणारी तिसरी खूण ठेवलेली आहे. ६४ बिटांच्या यंत्रावर, फाइलमधली जागा सांगणारे माझे ८ बाइटचे आकडे टोके म्हणून घेतले, तर त्यामुळे साध्या रेंजला १६ बाइट लागतात आणि हिला २४. माझ्याकडे ४० लाख शब्दांच्या नोंदी आहेत, म्हणजे फक्त या खुणेपायी ३ कोटी २० लाख बाइट जादा जातात, तेही अशा नोंदींसाठी ज्या कधी फिरवल्या जाणार नाहीत, फक्त साठवल्या जाणार आहेत. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे मला परवडत नाही. सर्व बाइटांची वारंवारता मोजण्याच्या लूपमध्ये मात्र मी हीच रेंज वापरते, आणि तिथे ती अगदी चोख काम करते.

दुरुस्तीचा मार्ग ठरलेला आहे. आरएफसी ३५५० या रस्टमधल्या बदलाच्या प्रस्तावात रेंजचे नवे प्रकार मांडले आहेत: त्यांना कॉपी आहे, आणि ते स्वतः इटरेटर नसून मागितल्यावर इटरेटर देतात. आज रेंजवर थेट फिल्टर लावणाऱ्या ओळींना मग आधी इटरेटर मागावा लागेल, आणि एवढा जुना कोड मोडू नये म्हणून हा बदल एडिशनच्या (भाषेच्या नियमांच्या ठरावीक आवृत्तीच्या) सीमेवरच करणे भाग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रस्ट १.८५ बरोबर आलेल्या २०२४ च्या एडिशनमध्येही दोन टिंबांच्या लेखनातून जुनाच प्रकार मिळतो. ही दिरंगाई मला मनापासून खटकते, कारण रोज हात लागणारी इतकी मूलभूत वस्तू दुसरी क्वचितच असेल.

तोपर्यंत मी स्ट्रक्टमध्ये पुन्हा दोन आकडे ठेवले आहेत, त्याला कॉपी परत दिली आहे, आणि हवी तेव्हा ताजी रेंज बनवून देणारी एक मेथड लिहिली आहे. ४३ पैकी ४१ क्लोन निघाले. उरलेले दोन अशा फंक्शनमध्ये आहेत जिथे रेंज बाहेरूनच येते.