इंदूरचा सराफा, सोबत आई: काय खायचं, काय सोडायचं

सराफ्याचे, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीचे, रील्स बघून तुमचं असं मत झालं असेल की ही जागा कॉलेजच्या पोरांनी रात्री बारा वाजता ग्रुपने जाऊन धिंगाणा घालायची आहे, तर तसं काही नाहीये. आईवडलांना घेऊन जायला एकदम मस्त जागा आहे, फक्त वेळ सांभाळायची आणि पोटात जागा ठेवायची. आणि हे मी साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, बाहेरच्या खाण्यावर जन्मजात संशय असलेल्या बाईच्या अनुभवावरून लिहितेय, माझ्या नाही.

आम्ही जळगावचे. नोकरीसाठी मी इंदूरला आले, आई रूम लावून द्यायला सोबत, रात्रीच्या बसने सकाळी उतरलो तेव्हा कळलं की रूमची चावी संध्याकाळी मिळणार आणि जॉइनिंग पण पुढे गेलंय. म्हणजे अख्खा दिवस मोकळा आणि प्लॅन काहीच नाही. बॅगा रामबागेत ओळखीच्या काकूंकडे टाकल्या (इथे जुनी मराठी घरं बरीच आहेत, गल्लीत शिरल्यावर आईला आधी मराठीतलं भांडण ऐकू आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला). काकू म्हणाल्या, "दिवसभर राजवाड्याकडे फिरून घ्या, पण दुपारी जेवू नका हं, रात्री सराफ्यात जायचं आहे ना." हा सल्ला तुम्ही पण घ्या.

सकाळी पोहे-जिलेबी. इंदुरी पोहे वाफेवर गरम ठेवतात म्हणून लुसलुशीत असतात, त्यात बडीशेप, किंचित गोडसर चव, वरून शेव, कांदा, आणि जिरावण नावाचा मसाला भुरभुरतात. आईचा पहिला प्रश्न, शेंगदाणे कुठेयत. मग दुसरी प्लेट पण घेतली, तेव्हा शेंगदाण्यांचा विषय निघाला नाही. दुपारी राजवाडा बघितला, होळकरांचा, सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, १९८४ च्या दंगलीत आग लागून बराच जळला होता तो नंतर परत उभा केलाय. आईला आर्किटेक्चरपेक्षा एवढ्या लाकडाची धूळ कोण झटकत असेल याची काळजी. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे तिथे मात्र चप्पल काढून नमस्कार. मग जवळच इतवारिया बाजारात काच मंदिर, सर सेठ हुकुमचंद यांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती खांब छत सगळं काचेचं, अर्ध्या तासात होतं, जाऊन याच.

आता सराफा. राजवाड्यापासून चालत पाच-सात मिनिटं. दिवसा हा खरोखरचा सोन्याचांदीचा बाजार आहे, रात्री आठ-नऊला दुकानांची शटरं खाली आली की त्याच दुकानांच्या पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात ते रात्री दोनपर्यंत. असं सांगतात की रात्रभर गर्दी राहिली की दुकानांना आपोआप राखण होते म्हणून सराफांनीच हे चालू दिलं. आईला हे फार पटलं. आम्ही साडेआठला पोचलो, काही गाड्या अजून मांडणी करत होत्या, आणि हीच बरोबर वेळ आहे, कारण दहानंतर गल्लीत खांद्याला खांदा लागतो आणि मग गुडघेवाल्या माणसाला उभं राहायला पण जागा नाही. बसायची सोय म्हणाल तर बंद दुकानांच्या पायऱ्या. आईने एक पायरी पकडली आणि मी आणून द्यायचं असं ठरलं, सिस्टीम झकास चालली.

सुरुवात भुट्ट्याच्या किसापासून. मक्याचं कणीस किसून तुपात हिंग-मिरचीवर परतायचं आणि दूध घालून शिजवायचं, वर खोबरं कोथिंबीर लिंबू. चांगला आहे, पण खरं सांगू का, याचं जेवढं कौतुक होतं तेवढं मला झालं नाही, चार चमच्यांनंतर एकसारखं लागतं. दोघांत एकच घ्या. विजय चाट हाऊसचं खोपरा पॅटिस मात्र एकेकाला वेगळं पाहिजे, बाहेर बटाटा आत खोबऱ्याचं सारण, गरम असताना खायचं.

गराडू फक्त थंडीत मिळतो. आम्ही डिसेंबरात होतो म्हणून मिळाला. कंद आहे, तुकडे करून तळतात, ऑर्डर दिली की परत एकदा तळतात, वर लिंबू आणि जिरावण. आईने बघूनच सांगितलं की हे आपल्या कोनफळाच्या नात्यातलं आहे, आणि नंतर गाडीवाल्याला तेल किती तापवता हे विचारत बसली. तो पण बिचारा तळता तळता सांगत होता.

आणि आता मुख्य गोष्ट, साबुदाण्याची खिचडी. मला वाटलं इथे येऊन खिचडी कोण खातं, आपल्या घरी दर एकादशीला असते. पण इथली वेगळीच भानगड आहे. साबुदाणा तुपाच्या फोडणीवर परतत नाहीत, वाफवून मोठ्या भांड्यात गरम ठेवलेला असतो, आणि तुमच्यासमोर त्यात तिखट, मीठ, मसाला, फराळी चिवडा, कोथिंबीर घालून लिंबू पिळून हलवून देतात. मोकळी, हलकी, कुरकुरीत-मऊ एकदम. आई आधी नुसती बघत होती. "दाण्याचं कूट कुठंय? ही खिचडी आहे का भेळ आहे?" मग एक घास खाल्ला, काही बोलली नाही, दुसरा खाल्ला, मग म्हणे, "साबुदाणा भिजवलाय मात्र नीट, एकाला एक चिकटलेला नाही." आमच्या आईकडून दुसऱ्याच्या खिचडीला एवढं म्हणजे पद्मश्रीच. शेजारच्या पायरीवर इंदूरच्याच एक मराठी आजी बसल्या होत्या त्या लगेच सुरू झाल्या, "अहो आम्ही पण घरी तुमच्यासारखीच करतो, पण बाहेरची खायची तर हीच खायची." मग त्या दोघींचं कूट भाजून घालायचं की अर्धवट यावर जे चाललं ते मी मध्ये जाऊन दहीबडा घेऊन आले तरी संपलं नव्हतं. इथे एकच प्लेट खायची वेळ आली तर ही खा, कीस नाही.

दहीबडा जोशींकडचा. दह्यासकट द्रोण हवेत उडवतात आणि थेंब सांडत नाही, मग एकाच चिमटीत सगळे मसाले धरून एकेक वेगळा सोडतात. व्हिडिओत शंभर वेळा बघितलेलं असलं तरी समोर बघायला मजा येते, आणि तमाशाच नुसता नाहीये, वडा खरंच मऊ आहे आणि दही आंबट नाही. आईला पायरीवरून उठवून नेलं तेवढ्यासाठी. ती उडालेल्या द्रोणाकडे न बघता हातातल्या मसाल्याकडेच बघत होती.

गोडात मावा बाटी (खव्याचा, मोठ्या गुलाबजामासारखा प्रकार) जड आहे, एक दोघांत पण जास्त होते. शिकंजी मागाल तर लिंबूपाणी येणार नाही, दाटसर दूध, केशर, सुकामेवा असं असतं, जेवणाच्या शेवटी घ्या, तहान लागली म्हणून घेऊ नका. रबडी-जिलेबी ठीक. फायर पान, मोमो, नूडल्स यांच्यावर वेळ घालवू नका, ते सगळं तुमच्या गावात पण मिळतं.

स्वच्छतेचं म्हणाल तर २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिलं आलेलं शहर आहे आणि ते रात्रीच्या खाऊगल्लीत पण दिसतं, गाडीजवळ डस्टबिन, आणि कोणी कागद खाली टाकला तर आजूबाजूचे लोकच बघतात. आईचा बाहेरच्या खाण्याचा संशय अर्धा तिथेच गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी पाण्याची बाटली आपली आपण नेली होती, तुम्ही पण न्या. खर्च दोघींचा मिळून पाचशेच्या आत, बहुतेक ठिकाणी यूपीआय चालतं.

गाडी घेऊन गल्लीजवळ जायचा विचार सोडा, राजवाड्यापाशी रिक्षा सोडा आणि चाला. शनिवार-रविवारी वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका, पायरी मिळणार नाही. आणि कमी तिखट पाहिजे असेल तर आधी सांगा, जिरावण टाकायला यांचा हात फार सढळ आहे. त्याचं पाकीट घरी न्यायचं असेल तर ते दिवसा कुठल्याही नमकीनच्या दुकानात घ्या, आईने अर्धा किलो घेतलंय आणि आता जळगावात ते वरणावर पण पडतंय.