नाण्यांचा सेट भारी, सोबतचं कार्ड मात्र फेकून द्या

न्यू जर्सीतल्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानातून बाबांसाठी हा सेट घेतला, दुकानाचं नाव नाही लिहीत कारण मालक म्हातारा आणि बोलायला गोड आहे. अमेरिकेच्या नाण्यांवर आणि नोटांवर छापलेलं 'इन गॉड वी ट्रस्ट' म्हणजे देवावर आमचा भरवसा, या थीमवर चार नग, ६० सांगितले, ५५ डॉलरला दिले.

यातला खरा माल म्हणजे १८६४ चं दोन सेंटचं नाणं. हे वाक्य सगळ्यात आधी आलं ते यावरच, सिव्हिल वॉर चालू होतं आणि पेनसिल्वेनियाच्या एका पाद्र्याने अर्थमंत्री चेसला पत्र लिहिलं होतं की आपल्या नाण्यांवर देवाचं नावच नाही, काहीतरी करा. ढालीवरच्या रिबिनीवर बारीक अक्षरं आहेत, भिंग लावलं तर 'गॉड' ठीक दिसतं पण 'वी' पार झिजलाय (या नाण्यात तोच आधी जातो). पण कोणीतरी ते पितांबरीने घासल्यासारखं लखलखीत केलंय, आणि घासलेल्या नाण्याला कलेक्टर विचारत नाहीत हो, दुकानदाराने आधी सांगायला नको?

नंतर दोन निकेल, म्हणजे पाच सेंटची नाणी. एक बफेलोवालं, त्यावर हे वाक्यच नाही, म्हणजे १९१३ ते १९३८ लोकांनी देवाचं नाव न छापलेली निकेल खुशाल खर्च केली. दुसरं १९३८ चं, राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा चेहरा असलेलं. याच माणसाने १८०२ मध्ये डॅनबरी गावच्या बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांना लिहिलं होतं की चर्च आणि सरकार यांच्यामध्ये भिंत आहे, आणि आता त्याच्या नाकासमोरच 'इन गॉड वी ट्रस्ट'. मी तर दुकानातच हसलो.

चौथी १९५७ सिरीजची एक डॉलरची नोट, कोरी करकरीत. नोटांवर हे तेव्हा कुठे यायला लागलं, कारण १९५५ च्या कायद्याने ते नोटांवर छापणं सक्तीचं केलं आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने सही करून हे अधिकृत ब्रीदवाक्यही केलं, समोर नास्तिक रशिया होता ना.

आणि सोबतच्या कार्डावर काय तर '१७७६ पासून अमेरिकेचं ब्रीदवाक्य'! अहो तुमच्याच फोल्डरमधलं नाणं १८६४ चं आहे. जुन्या राजमुद्रेवर १७८२ पासून 'ई प्लुरिबस उनम' आहे, अनेकांतून एक, त्यात देव कुठे आहे? मालकाला दाखवलं तर म्हणे लोकांना असंच आवडतं, आणि कोर्टानेही चालेल म्हटलंय. म्हटलंय खरं, १९७० मध्ये, पण कशावर, तर हे फक्त समारंभी आहे, धर्माशी संबंध नाही म्हणून! मग देवाला मानणाऱ्यांनी खूश व्हायचं की रागवायचं?

साडेतीन स्टार. अर्धा घासल्याबद्दल कापला, एक कार्डाबद्दल. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर सगळा इतिहास ऐकून घेतला आणि म्हणाले, "ते सगळं ठीक रे, पण हे घासलं कोणी?"