दात येणाऱ्या पिल्लासाठी काय घ्यायचं? काँग पपी आणि बाकी सामानाचा रिव्ह्यू, देवगडहून

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. पिल्लू तीन ते सहा महिन्यांचं असेल आणि दिसेल ते चावत असेल तर काँग कंपनीचं पपीवालं मऊ रबराचं पोकळ खेळणं घ्या, बरोबर साइझचं घ्या आणि डोळे मिटून घ्या. दुकानात त्याच्या शेजारी जे पांढरं गाठीचं हाड लटकत असतं ते मात्र कोणी फुकट दिलं तरी पिल्लाच्या तोंडात देऊ नका.

आमची चिंगी गावठी आहे, आता साधारण साडेचार महिन्यांची. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात, म्हणजे मधले हे सगळे दिवस हिरड्या नुसत्या शिवशिवत असतात. त्यामुळे स्लीपर, पायपुसणं, आरामखुर्चीचा पाय, हिरांचा खराटा, काही म्हणजे काही सुटलं नाही. खराट्याचा हीर टाळ्यात किंवा घशात घुसू शकतो म्हणून तो आधी वर टांगला. सासूबाईंचं एकच, "तेका एक हाडूक दी, गप रवतला." त्यांना प्रेमाने नाही म्हटलं. शिजवलेलं हाड, मग ते कोंबडीचं असो की मटणाचं, चावल्यावर त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि ते घशात नाहीतर आतड्यात रुततात. माशाच्या काट्यांचंही तेच, आणि सुका बांगडा तर नकोच, त्यात मीठ किती असतं ते आपल्याला माहितीये.

तर ते पांढरं हाड. खरेदीला गेलो होतो तिथे दुकानदाराने "सगळे हेच नेतात, पिल्लांना एकदम बेस्ट" म्हणत एक हातात ठेवलं. हे हाड नसतंच, जनावराच्या कातडीचा आतला थर साफ करून, वाळवून, वळून केलेली गाठ असते. चिंगीला न देता मी ते वाटीभर पाण्यात रात्रभर टाकून ठेवलं. सकाळी बघते तर चांगलं फुगलेलं, बाहेरून बुळबुळीत आणि गाठ सुटून लांबच्या लांब पट्टी बाहेर आलेली. ती ओढली तर तुटेना, नुसती ताणली जात होती. अशी पट्टी पिल्लाने अख्खी गिळली तर घशात अडकणार नाहीतर आतड्यात, आणि आतड्याचं ऑपरेशन म्हणजे आमच्याकडून गाडी काढून कोल्हापूर नाहीतर गोवा गाठायचं, तेही पावसात. बरं, आपल्या हवेत जुलैत अशा वस्तूला बुरशी धरायला वेळ लागत नाही, ते वेगळंच.

दुसऱ्या टोकाला एकदम टणक माल असतो, हरणाचं शिंग, जनावराचा खूर, याकच्या दुधाचं कडक चीज. मोठ्या कुत्र्यांनाही यातल्या टणक वस्तूंनी वरची मोठी दाढ चिरल्याच्या केसेस होतात, मग पिल्लाच्या सुईसारख्या दातांचं काय घेऊन बसलात. माझी परीक्षा सोपी आहे, अंगठ्याचं नख जोरात दाबायचं, खूण उमटली किंवा वस्तू जराशी दबली तर ठीक, नखच दुखलं तर ती परत जागेवर ठेवायची. दुकानातच करा, कोणी काही म्हणत नाही. दोरीचं खेळणं आपण समोर बसून ओढाओढी खेळायला छान, पण एकटं सोडून जायचं नाही, कारण धागे निघतात आणि गिळलेला लांब धागा आतडं गोळा करतो. नारळाचं सोडणही म्हणूनच लांब ठेवते.

आता काँग. ही वस्तू अमेरिकेतली, 1970च्या दशकात ज्यो मार्कहॅम नावाच्या माणसाचा कुत्रा दगड चावून दात झिजवत होता, त्याच्यापुढे गाडीच्या सस्पेन्शनचा रबरी भाग पडला आणि तो त्यालाच चिकटला, तिथून हा आकार आला. पपीवालं गुलाबी किंवा निळं असतं आणि लाल रंगाच्यापेक्षा मऊ असतं. काळं तर जबरदस्त चावणाऱ्या मोठ्या कुत्र्यांसाठी, ते पिल्लाला घेऊ नका. दोन्हीकडे भोकं आहेत हे मला सगळ्यात आवडलं, कारण एकच भोक असलेल्या पोकळ खेळण्यात जीभ आत ओढली जाऊन अडकू शकते. साइझ घेताना अख्खं खेळणं दाढांच्या मागे जाणार नाही एवढं मोठं बघा, दोन साइझमध्ये अडलात तर मोठं घ्या.

मी आत भिजवलेलं पपी फूड आणि उकडलेला लाल भोपळा कुस्करून भरते, वरून चमचाभर साधं दही, आणि फ्रीझरमध्ये ठेवते. गार रबर हिरड्यांना लागलं की चिंगी पुढच्या दोन पायांत ते धरून डोळे अर्धे मिटून चाटत बसते, बघत राहावंसं वाटतं. कांदा-लसणाची भाजी किंवा द्राक्ष, मनुका चुकूनही भरू नका. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीला घालतात ते) लिहिलंय का वाचा, कुत्र्यांना ते विष आहे. आणि भरलेलं खाणं दिवसाच्या जेवणातून वजा करा.

स्वस्त नाहीये, पण कुरतडून वाया गेलेल्या चपलांचा हिशोब केला तर काहीच नाही. आतून धुवायला बाळाच्या बाटलीचा ब्रश लागतो आणि लगेच धुवावं लागतं, नाहीतर दही आंबतं आणि मुंग्यांची रांग लागते. लाईट गेली की फ्रीझरची मजा संपते, तेव्हा सुती फडकं गार पाण्यात पिळून, गाठ मारून हातात धरून चावायला देते, फडकं सोडून उठायचं नाही.

खेळण्यावर थोडंसं रक्त दिसलं किंवा तांदळाएवढा दात फरशीवर सापडला तर घाबरू नका, बरेचदा दात गिळलाही जातो, काही होत नाही. पण पक्का सुळा आलाय आणि शेजारी दुधाचा तसाच उभा आहे असं दिसलं तर डॉक्टरना दाखवा. सारखी उलटी, जेवण बंद, शी करताना जोर लावूनही काही होत नाही, यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

आणि देवगडकरांनो, मे महिन्यात पिल्लू असेल तर आंब्याचे बाठे अंगणात पडू देऊ नका. चाटायला गोड, बुळबुळीत, पटकन गिळले जातात आणि आतड्यात घट्ट बसतात. आमच्याकडे आता बाठ्यांसाठी झाकणाची बादली ठेवलीये. रबराचा तुकडा निघायला लागला की काँगही फेकायचं आणि नवीन आणायचं, पक्के दात आले की लाल घेणार आहे.