पंधरवड्याचा पगार: साकीनाक्याच्या गाळ्यातला दिवाळीनंतरचा अनुभव

साकीनाक्याला आमचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा गाळा आहे. डायकटिंग, लॅमिनेशन, पेस्टिंग सगळं तिथेच होतं. दिवाळीनंतर आम्ही कारागिरांचा महिन्याचा पगार थांबवून पंधरवड्याचा सुरू केला. आता पावसाळा लागलाय, म्हणजे बरे-वाईट सगळे महिने बघून झाले. छोटा धंदा चालवणारे बरेच जण याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पगार ७ तारखेला व्हायचा. मुंबईत खोलीचं भाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, रेल्वेचा पास हे सगळं पहिल्या दहा दिवसांत अंगावर येतं. त्यामुळे वीस तारखेपासून उचल मागायला रांग लागायची. उचलीच्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये साठायच्या आणि पगाराच्या दिवशी "ताई, मी एवढे घेतलेच नव्हते" यावरून वाद व्हायचे. ज्यांना मागायला संकोच वाटायचा ते बाहेरून व्याजाने घ्यायचे, आणि तेच मला जास्त लागायचं. त्यांनी केलेल्या कामाचे पैसे माझ्या खात्यात पडून असायचे आणि व्याज मात्र ते भरायचे.

आठवड्याच्या पगाराचा विचार केला होता. पण त्यात साप्ताहिक सुट्टीच्या आधी, आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशीच पैसे द्यावे लागतात. हिशेब बघणारे काका एकटे, त्यांना ते झेपलं नसतं. दर १४ दिवसांनी द्यायचं म्हटलं तर वर्षात २६ पगार होतात आणि काही पंधरवडे दोन महिन्यांत विभागले जातात. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) यांचं चलन मात्र महिन्याचंच असतं, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं. मग प्रत्येक वेळी पंधरवडा तोडून हिशेब करत बसावं लागतं. म्हणून १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असे दोन भाग केले. वर्षाला २४ पगार.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार पंधरवड्याचा पगार पंधरवडा संपल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत द्यायचा असतो, महिन्याचा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. म्हणून आमच्या तारखा १७ आणि २. काहींनी सुचवलं की पगार महिन्याचाच ठेवा आणि मध्ये एक ठरावीक आगाऊ रक्कम द्या. ते सोपं आहे, पण माणसाने खरंच किती दिवस भरले ते महिना संपेपर्यंत कागदावर येतच नाही. मला हजेरीचे दिवस गुणिले दिवसाची मजुरी, असा पक्का हिशेब हवा होता.

आता पैशांचं सांगते, कारण इथे बहुतेकांचा पाय अडखळतो. पहिल्या पंधरवड्याचे पैसे पूर्वी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला जायचे, आता त्याच महिन्याच्या १७ ला जातात, म्हणजे साधारण २० दिवस आधी. दुसऱ्या पंधरवड्याचे ५ दिवस आधी. महिन्याचा पगार ६ लाख धरला तर ३ लाख रुपये कायमचे वीस दिवस अलीकडे सरकतात. हा भार एकदाच पेलायचा असतो, पण त्याची तजवीज आधी करावी लागते. आम्ही सुरुवात करण्याआधी गिऱ्हाइकांच्या येण्यांचा तक्ता मांडला आणि ज्यांची बिलं लांबत होती त्यांना २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्यातली बिल चुकतं करायची ४५ दिवसांची मर्यादा लेखी कळवली. सगळे वठणीवर आले असं नाही, पण १७ तारीख आजवर चुकलेली नाही.

सगळ्यात जास्त डोकं कपातींनी खाल्लं. पीएफ आणि ईएसआय टक्क्यांत असल्याने दोन्ही पंधरवड्यांत सहज विभागतात. पण ईएसआयची रक्कम वरच्या रुपयाला नेतात, त्यामुळे दोन्ही वेळा वेगवेगळी काढली तर महिन्याच्या चलनाशी रुपयाचा फरक येतो. उपाय साधा आहे. पूर्ण महिन्याची कपात काढायची, त्यातून पहिल्या पंधरवड्यात कापलेली वजा करायची, उरलेली दुसऱ्यात. व्यवसाय कराचं तर नीट तपासूनच घ्या. महाराष्ट्रात महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, आणि महिलांना २५,००० पर्यंत माफी. सॉफ्टवेअर पंधरवड्यालाच महिना समजलं तर १८,००० वाला माणूस ९,००० चा दिसतो आणि कर चुकतो. विकत घेण्याआधी हे एक उदाहरण समोर बसून करून दाखवायला लावा.

कपात कधी करायची हेही महत्त्वाचं. पेस्टिंगच्या एका मावशींनी सांगितलं, "ताई, दोन तारखेचे पैसे भाड्यातच जातात, उचल तेव्हा नका कापू." तेव्हापासून व्यवसाय कर आणि उचलीचा हप्ता १७ च्या पगारातून जातो. एवढ्याशा बदलाने जितकं समाधान दिसलं तितकं बाकी कशाने दिसलं नाही.

त्रासही आहे. काकांचं काम दुप्पट झालं. हजेरीत काही चुकलं तर दुरुस्तीला जेमतेम दीड दिवस मिळतो, म्हणून १३ तारखेलाच कच्ची हजेरी फळ्यावर लावतो आणि ज्याची त्याने तपासायची. पगारानंतरच्या दांड्या आता महिन्यातून दोनदा होतात. गृहकर्जासाठी बँका महिन्याचीच पगारपावती मागतात, तेव्हा दोन्ही पंधरवड्यांची एकत्र पावती वेगळी काढून द्यावी लागते. पैसे पाठवायची अडचण मात्र नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रविवारीही चालतं, त्यामुळे १७ ला कुठलाही वार आला तरी चालतो.

न मोजलेला एक फायदा नंतर कळला. कुणी काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करावा लागतो. हिशेब ताजा असल्याने आता ते खरंच होतं. पूर्वी सोडून गेलेला माणूस सात तारखेपर्यंत फेऱ्या मारायचा.

उचल पूर्ण थांबलेली नाही, दवाखाना आणि गावची कामं येतातच. पण वीस तारखेची रांग गेली. ऑफिसच्या माणसांना विचारलं तर त्यांना महिन्याचाच पगार हवा होता, हप्ते एकदाच कापले जातात म्हणून, तेव्हा त्यांचा तसाच ठेवलाय. रात्रपाळीच्या ओव्हरटाइमचं अजून बसलेलं नाही. १५ च्या रात्री सुरू झालेली पाळी १६ ला सकाळी संपते आणि तिचे दुप्पट दराचे तास कुठल्या पंधरवड्यात धरायचे यावर मतं पडतात. सध्या पाळी सुरू झाली ती तारीख धरतोय, आणि तसं फळ्यावर लिहून ठेवलंय.