डाळिंबाला पाणी ओढायला काय बरं: लोखंडी टँकर की ट्रॉलीवर प्लास्टिकच्या टाक्या?

सांगोला-मंगळवेढ्याकडे उन्हाळ्यात बोअर आटले की बाग जगवायला पाणी ओढावंच लागतं. आधी हिशेब करा. 14 बाय 10 फुटांवर एकरी साधारण 310 झाडं. झाडाला 15 लिटर धरलं तर 4,650 लिटर. 5,000 लिटरच्या टँकरची एक खेप एकराला पुरते. 2,000 लिटरच्या दोन टाक्या थोड्या कमी पडतात.

तरीही घरची ट्रॉली असेल आणि बाग चार-पाच एकरांची असेल, तर टाक्याच घ्या. पावसाळ्यात उतरवल्या की ट्रॉली शेणखताला मोकळी. टँकर मात्र उभ्या उभ्या आतून गंजतो, खारं पाणी असेल तर लवकरच, आणि गंजाचे पापुद्रे ठिबकचे ड्रिपर बुजवतात. वर्षभर, लांबून पाणी आणायचं असेल तर मात्र टँकरच हवा: आत आडवे पडदे असतात, त्यामुळे ब्रेक लावताना पाणी पुढे-मागे हिंदकळून ट्रॅक्टरला धक्का देत नाही. आतून इपॉक्सी रंग मारून घ्या.

टाक्या बुटक्या, रुंद बुडाच्या घ्या. बुडाखाली सलग प्लायवूड हवं. पत्र्याच्या पन्हाळ्यांवर टाकी टेकली की बूड तडकतं. दोन्हींना वेगळा कॉक ठेवा, नाहीतर चढावर पुढचं पाणी मागच्या टाकीत उतरतं. दोनचाकी ट्रॉलीत मागची टाकी आधी रिकामी करा. वजन चाकांमागे गेलं की हूक वर उचलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. कॉकपासून पंपापर्यंत फूटभर लवचिक पाईप लावा. कडक पाईप हादऱ्याने टाकीचा निप्पलच तोडतो. पंप चालू असताना झाकण सैल हवं, नाहीतर टाकी आत चेपते.

पंपाशिवाय ठिबक चालणार नाही. ड्रिपरला साधारण 1 किलो दाब, म्हणजे 10 मीटर उंचीचं पाणी लागतं. ट्रॉलीची उंची जेमतेम दीड-दोन मीटर. 2 इंची पेट्रोल पंप पुरतो. पीटीओवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा) पंप लावला तर पाणी संपेपर्यंत ट्रॅक्टर अडकून पडतो. मात्र दोन्हींपैकी कुठलाही पंप 6-7 मीटरपेक्षा खोल विहिरीतून पाणी ओढणार नाही. तिथे भरायला विहिरीतली मोटारच हवी.

5,000 लिटर म्हणजे नुसतं पाणीच 5 टन. वळवाच्या पावसानंतर काळ्या रानात ट्रॉली घालू नका. बांधावर उभी करून, फिल्टर लावून ठिबकच्या मेनलाईनला जोडा.