द गोल्डन कम्पास: धार बोथट केलेली कथा
फिलिप पुलमन यांच्या १९९५ च्या कादंबरीवर ख्रिस वाइट्झ यांनी २००७ मध्ये काढलेल्या या चित्रपटावर अमेरिकेतील कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेने बहिष्काराची हाक दिली, ती मुख्यतः चित्रपट पाहून मुले मूळ पुस्तकांकडे वळतील या धास्तीने. गंमत अशी, की धर्मसत्तेवरील टीका पटकथेत आधीच इतकी सौम्य केली होती, की कथेतील सर्वसत्ताधारी धर्मसंस्था ‘मॅजिस्टेरियम’ ही एखादी खडूस सरकारी कचेरीच वाटते. कादंबरीचा जीवघेणा शेवटही गाळला आहे. तरीही खलनायिका मिसेस कोल्टरचे (निकोल किडमन) सोनेरी माकड बालनायिका लायराच्या प्राणिरूपी सोबत्याला (या जगात माणसाचा आत्मा असा प्राणी होऊन सोबत वावरतो) दाबून धरते आणि वेदनेने लायरा स्वतःच कळवळते, तो प्रसंग अंगावर येतो. दृश्यपरिणामांचे ऑस्कर रास्तच. पटकथा मात्र बंड नेमके कोणाविरुद्ध, हे सांगताना सतत चाचरते.