रत्नागिरीतील मुलांचा फुटबॉल वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

रत्नागिरीत माझी मुलगी जाते त्या फुटबॉल वर्गाचा सर्वांत मोठा गुण असा की, घरात कोणी फुटबॉल खेळलेले नसले तरी तेथे मुलाला कमी लेखले जात नाही. आमच्याकडे घरोघरी क्रिकेट आणि कबड्डी. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू कसा थोपवावा, हे घरी दाखवणारे सहसा कोणी नसते. प्रशिक्षक नवख्यांना आधी भिंतीवर चेंडू मारायला लावतात आणि तो परतताना पाय किंचित मागे घेऊन अडवायला शिकवतात; धाकट्यांसोबत आलेल्या मोठ्या भावंडांनाही सरावात घेतात, हे मला फार मोलाचे वाटते.

घरच्या वारशाचा फायदा असतोच. इटलीचे फुटबॉलपटू चेझारे माल्दिनी यांनी १९६३ मध्ये आणि त्यांचे पुत्र पाओलो यांनी २००३ मध्ये मिलान क्लबचे कर्णधार म्हणून युरोपातील सर्वोच्च क्लब चषक जिंकला. मात्र विख्यात फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डोचे वडील माळी होते आणि स्थानिक क्लबचे साहित्य सांभाळत.

एक तक्रार आहे : स्वतः खेळलेले काही पालक सीमारेषेवरून मुलांना सतत सूचना देतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. शुल्क वाजवी आहे.